७६ दिवस टँक ओस ठेवा

बेळगावच्या शहापूर भागातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३६, उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टची नोकरी. घरी चार वर्षांपासून २५० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात क्लाऊनफिशची जोडी, एक डॅमसेल, एक अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल, दोन क्लीनर झिंगे आणि थोडे शंखातले खेकडे. महिन्यापूर्वी आठ वर्षांच्या लेकीच्या हट्टापायी मुंबईहून रातराणी बसनं निळा टँग मासा मागवला आणि आला तसा टँकमध्ये सोडला. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. विक्रेत्यानं लसूण चारायला सांगितलं, शिवाय 'रीफ-सेफ' म्हणून एक औषध दिलं. चौथ्या दिवशी ठिपके गेले. दहा दिवसांनी ते दुपटीनं परत आले, डॅमसेल मेला आणि आता क्लाऊनही दगडाला अंग घासतात. तासगावचे मामा म्हणतात, चिमूटभर मोरचूद टाक, सगळं साफ होतंय. आई म्हणते, मुके जीव कोंडून ठेवू नको, पाप लागतं. बायको म्हणते, आता हे सगळं बंदच करू या. पत्रात त्यांनी लिहिलंय, "फक्त टँगला ४० लिटरच्या छोट्या टाकीत काढून औषध द्यावं म्हणतो. बाकीचे ठणठणीत वाटतात. काय करायचं कळंना झालंय."

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी एका ओळीवर थांबले. ठिपके गेले त्या दिवशी लेकीनं आईला शिरा करायला लावला, असं तुम्ही लिहिलंत. तो आनंद खरा होता, पण नेमक्या त्याच दिवसांत तुमच्या टँकमध्ये रोग वाढत होता. तुमची सगळी पुढची धडपड या एका समजुतीवर उभी आहे, म्हणून आधी तिच्याकडे बघू.

अंगावर दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. तो माशाच्या कातडीखाली घुसून बसतो आणि तिथंच खाऊन फुगतो. तीन ते सात दिवसांत त्याचं पोट भरलं की तो आपण होऊन मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात किंवा पहाटे. मग तळाशी, दगडावर, काचेवर चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे तुकडे होत राहतात. एकातून शे-दोनशे. कवच फुटलं की ही पिलावळ पोहत बाहेर पडते आणि दिवसभराच्या आत तिला मासा सापडावा लागतो. नाही सापडला तर ती मरते. तुमच्या टँगचे ठिपके गेले ते लसणीनं गेले नाहीत, औषधानंही नाहीत. त्यांचं जेवण झालं होतं, ते उठून गेले. दहा दिवसांनी त्यांची पोरं आली.

कातडीखाली असताना त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही. कवचात असतानाही पोचत नाही. औषध लागू पडतं ते फक्त मधल्या पोहण्याच्या काही तासांत. म्हणून इथं रोज ठिपके मोजून काही साधत नाही, दिवस मोजावे लागतात. बहुतेक कवचं तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण काही फार चिवट असतात. ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. म्हणून जाणकार ७६ दिवसांचा हिशोब धरतात. तेवढे दिवस टँकमध्ये एकही मासा नसला, की रोगाला धरायला अंगच उरत नाही.

माझी आजी खानापूर तालुक्यातली. तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं ती आम्हाला सांगायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो आपल्याकडे पसरला. घरात उंदीर मरून पडलेला दिसला की गाव उठायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. घरांची दारं सताड उघडी टाकायची, कौलं काढून ऊन आत घ्यायचं. फक्त आजारी माणसाला रानात नेऊन बाकीचे घरात राहिले, असं कुणी करत नसे. सगळं गाव बाहेर.

तुम्हाला तेच करायचं आहे. टँग आणि दोन्ही क्लाऊन, तिघंही बाहेर. 'बाकीचे ठणठणीत वाटतात' असं तुम्ही लिहिता, आणि पुढच्याच ओळीत क्लाऊन अंग घासतात म्हणता. अंग घासणं हेच लक्षण. परजीवी बरेचदा आधी कल्ल्यांत बसतो, तिथं आपल्याला ठिपका दिसत नाही. एकट्या टँगला बरं करून परत आणलात, तर तो त्याच पाण्यात परत येईल. अ‍ॅनिमोन, झिंगे, खेकडे मात्र घरीच राहू देत. त्यांना हा रोग होत नाही आणि त्यावरचं तांब्याचं औषध त्यांना सोसत नाही. त्यांचा दिवा, पंप आणि थोडंसं खाणं चालू ठेवा. गणेश चतुर्थीला मासे काढले, तर त्रिपुरी पौर्णिमा होऊन आठवडाभरानं ते घरी येतील. लेकीला हे असंच सांगा. मुलांना ७६ हा आकडा कळत नाही, सण कळतात.

एक तातडीची गोष्ट. हे सगळं मी पांढऱ्या ठिपक्याचा रोग धरून लिहितेय. कण मिठासारखे सुटे, मोजता येण्याजोगे आहेत, म्हणून तसं वाटतं. पण अंगावर पिठाची किंवा सोनेरी धुळीची पातळ पूड पसरल्यासारखी दिसली, मासा पंपाच्या धारेत तोंड करून धापा टाकायला लागला, खाणं सोडलं, उजेड टाळायला लागला, तर ते व्हेल्व्हेट. तो रोग दोन-तीन दिवसांत सगळा टँक साफ करतो. तिथं रविवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मासे काढायचे. आणि क्लाऊनच्या अंगावरून शेंबडासारखा पांढरा थर सुटत असेल, तर तो ब्रुकलिनेला. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मॅलिनचं औषध लागतं. घड्याळ घेऊन १५ सेकंदांत कल्ले किती वेळा हलतात ते आजपासून रोज सकाळी मोजा आणि वहीत लिहा. आकडा चढत चालला, तर अंगावर काही दिसत नसलं तरी ते संकट समजा.

आता मामांचा मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार. मामांना मी मुळीच चूक म्हणणार नाही. द्राक्षबागेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारून ज्यांचा जन्म गेला, त्यांना तांबं काय करतं ते पक्कं ठाऊक असतं. खाऱ्या पाण्यातल्या माशांवरही वर्षानुवर्षं तांबंच वापरत आलेत. प्रश्न आहे तो चिमटीचा. साध्या मोरचुदानं उपचार करायचा, तर पाण्यात तांबं लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम लागतं. शुद्ध मोरचुदात तांबं साधारण पाव हिश्श्याहून किंचित जास्त. १०० लिटर पाण्याला हिशोब केला, तर सगळा मिळून सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद होतो. चहाच्या चमच्यात अंदाजे ५ ग्रॅम मावतं, त्याचा साठावा भाग. हे बोटाच्या चिमटीत मोजता येत नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावरही येत नाही. थोडं कमी पडलं तर रोग मरत नाही, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. शिवाय शेतीसाठीचा मोरचूद शंभर टक्के शुद्ध नसतो.

म्हणून मत्स्यपालनासाठी मिळणारं किलेटेड तांब्याचं तयार औषध घ्या. त्याचं लक्ष्य वेगळं असतं, बहुतेक लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅम. हे दोन आकडे दहापटीनं वेगळे आहेत. एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावून मासे गमावलेली माणसं मला भेटली आहेत. बाटलीवरचं वाचा, आणि त्या औषधाला चालणारं तांबं मोजायचं किट त्याच दिवशी मागवा. किट नसेल तर औषध सुरूच करू नका. आणि ते मोठ्या टँकमध्ये कधीही घालायचं नाही. झिंगे, खेकडे, अ‍ॅनिमोन मरतील, दगड आणि वाळू तांबं शोषून घेतील, मात्रा कधी टिकणार नाही.

४० लिटरची टाकी मात्र तिघांना पुरणार नाही. टँग हा सतत फिरणारा मासा, आणि कमी पाण्यात अमोनिया फार लवकर चढतो. १०० लिटरच्या आसपासची काचेची टाकी घ्या, नाही तर खाण्याच्या वस्तूंसाठीचा नवा प्लॅस्टिकचा टब चालेल. त्यात वाळू नको, दगड नको. हार्डवेअरच्या दुकानात नव्या पीव्हीसी पाईपचे दोन-तीन इंची एल्बो मिळतात, ते चार-पाच ठेवा. क्लाऊन पहिल्या रात्रीच त्यात शिरून बसतात. एक स्पंज फिल्टर, एक हीटर, एक थर्मामीटर, वर जाळी. बेळगावची थंडी तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरच्या पहाटे हीटर बंद पडला, तर पाणी २६ अंशांवरून घसरायला वेळ लागत नाही. टाकी मोठ्या टँकपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा. तिची जाळी, बादली, नळी सगळं वेगळं. ओला हातही इकडून तिकडे नेऊ नका.

तुमच्याकडे तयार झालेला स्पंज नाही, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू पहिल्या दिवसापासून नसतील. क्वारंटाईनमध्ये रोगापेक्षा अमोनियानं मेलेले मासे मी जास्त पाहिलेत. बाटलीतले जिवाणू घाला, अमोनिया रोज तपासा, चढला की पाव ते अर्धं पाणी बदला. नवं पाणी आधी ड्रममध्ये तयार करा. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ, तेवढंच तापमान, आणि टाकीत आहे तेवढंच तांबं त्यातही. हे शेवटचं लोक विसरतात आणि मात्रा पडते. आणखी एक. अमोनिया किंवा क्लोरीन मारणारी कंडिशनरची बाटली तांब्याच्या पाण्यात ओतू नका. त्यातले काही घटक तांब्याचं रूप बदलतात, ते माशाला जास्त विषारी होतं. नळाला पाणी राकसकोपचं येवो की हिडकलचं, त्यात क्लोरीन असतंच. आरओचं पाणी घ्या, म्हणजे कंडिशनरची गरजच पडणार नाही. कार्बन म्हणजे पाणी गाळायचा कोळसाही फिल्टरमध्ये ठेवू नका, तो औषध ओढून घेतो.

तांबं एकदम पूर्ण मात्रेवर नेऊ नका. दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्यानं चढवा. पूर्ण मात्रेला पोचलात की तिथून ३० दिवस मोजा, आणि मध्ये एकदा जरी मात्रा खाली गेली तर पुन्हा एकपासून. सुरुवातीला भूक मंदावते. टँगला साधी, मसाला न लावलेली नोरी म्हणजे समुद्री शेवाळाची पानं क्लिपला लावून द्या. क्लाऊनना कॅम्पातल्या मासळी बाजारातली कोळंबी चालते. स्वच्छ धुऊन, गोठवून, मग मोहरीएवढी बारीक चिरून. दहा मिनिटांत खाल्लं नाही ते बाहेर काढा. मासा दोन दिवस काहीच खात नसेल तर मात्रा आहे तिथं थांबवा, चढवू नका.

३० दिवस झाले की औषध थांबवून कार्बन लावा, तांबं निघू द्या. उरलेले दिवस मासे त्याच टाकीत, औषध नसलेल्या खाऱ्या पाण्यात राहतील. याच काळात काही लपलेलं असेल तर वर येतं.

हे सगळ्यांनाच जमेल असं नाही, म्हणून दुसऱ्या वाटाही सांगते. पाण्याचा खारटपणा घटवून सापेक्ष घनता १.००९ वर आणली, तर पांढऱ्या ठिपक्याचा परजीवी जगत नाही. औषध नाही, विष नाही. पण खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नेमका हवा, महिनाभर आकडा जराही वर जाता कामा नये, आणि व्हेल्व्हेटवर याचा उपयोग नाही. दुसरी वाट टाकी बदलण्याची. दर ७२ तासांनी मासे स्वच्छ, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टाकीत नव्या पाण्यात हलवायचे, अशा चार-पाच वेळा. परजीवी मासा सोडून तळाशी बसतो आणि कवच फुटायच्या आत मासा पुढच्या टाकीत गेलेला असतो. ज्यांच्याकडे एकच लहान मासा आहे, वेळ हाताशी आहे, त्यांनी हेच करावं, असं मी नेहमी सांगते. तुमचे तीन मासे, बदलत्या शिफ्ट, आणि व्हेल्व्हेटची शंका पूर्ण गेलेली नाही. तुमच्यासाठी मला तांबंच बरोबर वाटतं.

लाईटचं बोलायलाच हवं. आठ वर्षांपूर्वी जुलैच्या एका रात्री आमच्याकडे वारा-पाऊस झाला आणि लाईट गेली. क्वारंटाईनमध्ये माझे दोन टँग होते, उपचाराचा विसावा दिवस. येईल तासाभरात, म्हणून मी आडवी झाले. पहाटे साडेपाचला उठले तेव्हा स्पंज फिल्टरचे बुडबुडे बंदच होते आणि दोघंही पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून एल्बोच्या शेजारी कलंडले होते. एक वाचला. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप हे मी क्वारंटाईनचं पहिलं सामान समजते, टाकीच्याही आधीचं. तुम्ही रात्रपाळीला असाल तेव्हा घरात कुणीतरी तो बघायला शिकलेलं असू दे.

आता आईंचं म्हणणं. मुक्या जिवाला कोंडू नको, या बोलण्यामागची माया मला समजते. पण मोठ्या टँकमध्ये आज तुमचे मासे मोकळे नाहीत. जिथं पाठ टेकावी तिथून परजीवी उठतोय, अशा घरात ते आहेत. रिकाम्या टाकीत पाईपचा तुकडा आणि शांत पाणी, एवढ्यानं मासा निवांत होतो. टाकीला तीन बाजूंनी कागद लावा, दिवा मंद ठेवा. आठ दिवसांत क्लाऊन खायला पुढे येतील, तेव्हा आईंना बोलावून दाखवा. सांगून पटण्यापेक्षा बघून पटेल.

बायको बंद करू या म्हणतात, तेही मी उडवून लावणार नाही. पाण्याच्या बादल्या, मिठाचा खर्च, घरभर नळ्या हे घरातल्या बाईच्या वाट्याला किती येतं ते मी जाणते. बंद करणं हा चुकीचा निर्णय नाही. पण तो आज घेऊ नका, कारण आजारी मासे तुम्ही कुणाला देणार? दुसऱ्याच्या टँकमध्ये दिले तर रोगही दिलात. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या समुद्रात सोडून येऊ, असं कुणी सुचवेल. ते तर अजिबात करू नका. आधी मासे बरे करा, मग तिघांनी बसून ठरवा. एवढं मात्र आजच्या आज त्यांना सांगा, की हे ७६ दिवस रोजचं काम तुमचं असेल, त्यांच्यावर पडणार नाही. त्या काळात नवीन काहीही विकत घेणार नाही, हेही कबूल करा.

तुमच्या पत्रात न विचारलेली एक गोष्ट आहे. डॅमसेल माझ्यामुळे मेला, असं तुम्ही दोनदा लिहिलंत. टँग बसमधून दमून आला, पिशवीतून थेट टँकमध्ये गेला, हे खरं. निळ्या टँगला हा रोग पटकन धरतो हेही खरं, आणि ते तुम्हाला विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं. पुढे कधी नवा मासा आणलात तर तो आधी महिनाभर याच टाकीत राहील. नवा झिंगा, शंख किंवा दगड आणला तर त्याच्या पाठीवर कवच चिकटून येऊ शकतं, म्हणून तोही ७६ दिवस माशांविना वेगळा. टाकी, एल्बो, पंप म्हणून जपून ठेवा, भंगारात देऊ नका.

पकडायचं काम सुट्टीच्या दिवशी सकाळी करा, घाईत नको. टाकी आदल्या दिवशी भरून, तापमान आणि खारटपणा मोठ्या टँकइतकाच जुळवून ठेवा. मग मोठ्या टँकमधलं अर्धं पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढा, अ‍ॅनिमोन चिकटलेला दगड सोडून बाकीचे दगड एकेक करून त्याच पाण्यात ठेवा. आता माशांना लपायला जागा नसते. जाळी वापरू नका. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना चाकूच्या पात्यासारखा काटा असतो. तो जाळीत अडकतो आणि हातालाही लागतो. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरा, दुसऱ्या हातानं मासा हळूच त्यात वळवा आणि पाण्यासकट उचला. आधी क्लाऊन, शेवटी टँग. शेवटचा मासा बाहेर आला ती तारीख आणि वेळ वहीत लेकीच्या हातानं लिहून घ्या. ७६ दिवस तिथून सुरू.